मानेसर ते मुंबई : संघराज्याची कसोटी

हरियाणाच्या गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर हे दिल्ली-जयपूर महामार्गावरील गाव देशाला दोन कारणांनी परिचित आहे. येथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचा, म्हणजे एनएसजीचा, मुख्य प्रशिक्षण तळ आहे आणि मोटारी व दुचाकी बनवणारी मोठी औद्योगिक वसाहतही आहे. महाराष्ट्रात मात्र हे नाव घरोघरी पोहोचले ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. दहशतवादी मुंबईत शिरले होते आणि त्यांच्याशी लढण्यासाठी जे पथक हवे होते, ते अकराशेहून अधिक किलोमीटर दूर मानेसरला होते.

हे अंतर केवळ भौगोलिक नव्हते. सुव्यवस्था राखण्याची जबाबदारी राज्याची आणि त्या प्रसंगी लागणारे सशस्त्र दल केंद्राचे, अशी विभागणी राज्यघटनेनेच केलेली आहे. ही विभागणी का आहे, ती कोठे उपयोगी पडते आणि कोठे अडते, हे प्रश्न २००८ नंतर वारंवार उपस्थित झाले. त्यांपैकी अनेक प्रश्नांचे धागेदोरे पुन्हा मानेसरपर्यंतच जातात. त्यामुळे संघराज्यात्मक शासनाची मूलतत्त्वे समजून घेण्यास मानेसर हे एक सोयीचे ठिकाण ठरते.

मूलतत्त्वे कोणती?

एकाच भूमीवर, एकाच जनतेवर दोन सरकारांचा अंमल आणि त्या दोन्ही सरकारांना अधिकार देणारी एकच राज्यघटना, हा संघराज्याचा गाभा होय. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हे तत्त्व नेमकेपणाने मांडले होते. केंद्र आणि राज्ये यांच्यातील अधिकारांची वाटणी केंद्राच्या एखाद्या कायद्याने नव्हे, तर खुद्द राज्यघटनेने केलेली असते. त्यामुळे राज्ये आपल्या अधिकारांसाठी केंद्राच्या मर्जीवर अवलंबून नसतात, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या वाटणीसाठी घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूची आहेत. मूळ घटनेत संघसूचीत ९७, राज्यसूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, रेल्वे हे विषय केंद्राकडे, तर सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस, तुरुंग, शेती, जमीन हे राज्यांकडे सोपवण्यात आले. फौजदारी कायदा दोघांकडे ठेवण्यात आला. समवर्ती विषयावर दोघांचे कायदे परस्परविरोधी ठरल्यास सर्वसाधारणपणे केंद्राचा कायदा प्रभावी ठरतो. कोणत्याही सूचीत नसलेल्या विषयांवरील शेषाधिकारही केंद्राकडे आहेत.

दुसरे तत्त्व घटनादुरुस्तीचे. ही वाटणी एका पक्षाला एकट्याने बदलता येत नाही. अनुच्छेद ३६८ नुसार सातव्या अनुसूचीत बदल करायचा असेल, तर संसदेतील विशेष बहुमताबरोबरच किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. तिसरे तत्त्व निःपक्ष पंचाचे. केंद्र आणि राज्य किंवा दोन राज्ये यांच्यात कायदेशीर हक्कांचा तंटा उद्भवल्यास अनुच्छेद १३१ नुसार थेट सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल करता येतो. बेळगाव सीमाप्रश्नी महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा याच अनुच्छेदाखालील आहे. कृष्णेच्या पाण्यासारख्या नदीतंट्यांसाठी मात्र अनुच्छेद २६२ नुसार लवादाची वेगळी व्यवस्था आहे. चौथे तत्त्व एकेरी नागरिकत्वाचे. अमेरिकेत देशाचे आणि घटक राज्याचे असे दुहेरी नागरिकत्व असते. भारतात सरकारे दोन असली, तरी नागरिकत्व एकच आहे.

भारतीय संघराज्य काटेकोर संघराज्य नाही, ही गोष्टही घटनाकारांनी लपवली नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकर यांनी, ही घटना काळ आणि परिस्थिती यांच्या गरजेनुसार संघात्मक किंवा एकात्म स्वरूप धारण करू शकते, असे स्पष्ट केले होते. भारताचे संघराज्य हे घटक राज्यांनी आपापसांत केलेल्या कराराचे फलित नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा अधिकार नाही, हेही त्यांनी सांगितले होते. तथापि, राज्ये म्हणजे केंद्राच्या शाखा नव्हेत. एस. आर. बोम्मई प्रकरणात ११ मार्च १९९४ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे मान्य केले आणि राष्ट्रपती राजवटीचा निर्णयही न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत आणला.

ही झाली तत्त्वे. त्यांची परीक्षा मात्र प्रत्यक्ष प्रसंगातच होते.

२००८ : राज्याची जबाबदारी, केंद्राचे दल

एनएसजीची उभारणी १९८४ च्या घडामोडींनंतर झाली आणि १९८६ मध्ये त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. अंतर्गत अशांततेपासून राज्यांचे संरक्षण करण्यासाठी दहशतवादी कारवायांचा मुकाबला करणारे दल, असा या दलाचा हेतू कायद्याच्या प्रारंभीच नमूद आहे. ही शब्दयोजना सहज केलेली नाही. बाह्य आक्रमण आणि अंतर्गत अशांतता यांपासून प्रत्येक राज्याचे संरक्षण करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे, असे घटनेचा अनुच्छेद ३५५ सांगतो. त्या कर्तव्याचे एक साधन म्हणजे मानेसरचा तळ होय.

दुसऱ्या बाजूला सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे राज्यसूचीतील पहिलेच दोन विषय आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने संघसूचीत २-क ही नोंद घालण्यात आली आणि नागरी सत्तेच्या मदतीसाठी केंद्राची सशस्त्र दले राज्यात पाठवण्याचा विषय स्पष्टपणे केंद्राकडे गेला. येथे मदत हा शब्द महत्त्वाचा आहे. सशस्त्र दलांच्या विशेषाधिकार कायद्यासंबंधी १९९७ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, केंद्राचे दल राज्यात आले म्हणून राज्याची नागरी सत्ता बाजूला सारली जात नाही. दलाने तिच्या साहाय्याने काम करावयाचे असते.

२६ नोव्हेंबरच्या रात्री साडेनऊच्या सुमारास हल्ला सुरू झाला. पहिल्या काही तासांत मुंबई पोलिसांनी हाती होते त्या साधनांनिशी तोंड दिले. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे अधिकारी त्याच रात्री हुतात्मा झाले. तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन अजमल कसाबला जिवंत पकडणे शक्य केले. तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख त्या वेळी केरळमध्ये होते. राज्याकडून त्याच रात्री केंद्राकडे एनएसजीची मागणी करण्यात आली. जवानांची जमवाजमव, मानेसरहून दिल्लीच्या विमानतळापर्यंतचा रस्ता, मोठ्या विमानाची उपलब्धता, मुंबईत उतरल्यावर बसमधून दक्षिण मुंबईपर्यंतचा प्रवास, अशा सर्व टप्प्यांत रात्र सरली. सुमारे २०० कमांडो पहाटे मुंबईत उतरले आणि प्रत्यक्ष कारवाईला सकाळ उजाडली. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताज हॉटेलमधील कारवाई संपली. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिश्त यांना वीरमरण आले. हल्ल्यात एकूण १६६ जणांचा बळी गेला.

हा विलंब संघराज्यामुळे झाला, असा निष्कर्ष त्या काळात अनेकांनी काढला. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर दुपारनंतर हल्ला झाला, तेव्हा एनएसजीचे पथक दिल्लीहून त्याच रात्री पोहोचले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कारवाई संपली होती. घटना तीच, विषयांची वाटणीही तीच होती. मुंबईच्या बाबतीत वेळ गेला तो मागणी आणि मंजुरीच्या कायदेशीर पायरीवर कमी आणि एकाच ठिकाणी ठेवलेले दल, हाताशी नसलेले विमान व पूर्वतयारीचा अभाव यांमुळे अधिक. अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या रात्री सुटलेला होता. अधिकार वापरण्याची यंत्रणा सज्ज नव्हती.

त्यानंतर झालेल्या सुधारणाही याच दिशेच्या होत्या. २००९ मध्ये मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे एनएसजीची प्रादेशिक केंद्रे सुरू झाली. आणीबाणीच्या प्रसंगी विमान ताब्यात घेण्याचे अधिकार दलाच्या महासंचालकांना देण्यात आले. महाराष्ट्राने स्वतःचे फोर्स वन हे पथक २००९ मध्येच उभारले. यांपैकी एकाही गोष्टीसाठी घटनेत बदल करावा लागला नाही.

जबाबदारीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख या तिघांनाही पद सोडावे लागले. राजकीय जबाबदारी अशी दोन्ही सरकारांवर आली. चौकशीचे तसे झाले नाही. राज्याने नेमलेल्या राम प्रधान समितीची कक्षा राज्याच्या पोलीस यंत्रणेपुरती होती. केंद्रीय गुप्तवार्ता यंत्रणा आणि एनएसजी तिच्या कक्षेबाहेर राहिले. समुद्रमार्गे झालेल्या हल्ल्यात तर विषयांची सरमिसळ अधिकच होती. प्रादेशिक सागरी हद्दीतील मासेमारी राज्याचा विषय, त्यापलीकडची मासेमारी केंद्राचा. खोल समुद्र नौदलाचा, किनारा राज्य पोलिसांचा. दहशतवाद्यांची नौका या सर्व रेषा ओलांडून आली. त्या रेषांच्या दोन्ही बाजू एकत्र पाहणारी चौकशी झाली नाही, ही संघराज्याच्या व्यवहारातील खरी उणीव होती.

तपास कोणाचा?

डिसेंबर २००८ मध्ये संसदेने राष्ट्रीय तपास संस्थेचा, म्हणजे एनआयएचा, कायदा मंजूर केला. केंद्रीय अन्वेषण विभागाला, म्हणजे सीबीआयला, १९४६ च्या दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायद्यानुसार राज्यात तपासासाठी त्या राज्याची संमती लागते. एनआयएच्या बाबतीत ती अट नाही. अनुसूचित गुन्ह्याचा तपास केंद्र सरकार स्वतःहून या संस्थेकडे सोपवू शकते.

मुंबई हल्ल्याच्या खटल्यात दोन्ही स्तरांचे काम दिसते. कसाबविरुद्धचा तपास मुंबई पोलिसांनी केला, विशेष न्यायालयाने मे २०१० मध्ये शिक्षा सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये ती कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी राज्याच्या येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. परदेशातील कटाचा तपास एनआयएने केला आणि अमेरिकेतून तहव्वूर राणाचे प्रत्यार्पण एप्रिल २०२५ मध्ये झाले. प्रत्यार्पण हा केंद्राचा विषय आहे. कोणत्याही राज्याच्या पोलिसांना ते स्वतःच्या अधिकारात साधले नसते.

तथापि, याच कायद्याने संघर्षही निर्माण केले. जानेवारी २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणाचा तपास पुणे पोलिसांकडून एनआयएकडे गेला, तेव्हा राज्यात सत्तेवर नुकत्याच आलेल्या आघाडी सरकारने प्रारंभी तीव्र नाराजी व्यक्त केली. त्याच महिन्यात छत्तीसगड सरकारने अनुच्छेद १३१ खाली दावा दाखल करून एनआयए कायद्याच्या वैधतेलाच आव्हान दिले. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती मागे घेतली आणि सत्ताबदलानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली.

त्याआधी २०१२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची योजना आखली होती. गुप्तवार्ता विभागाच्या छत्राखालील या केंद्राला अटक आणि झडतीचे अधिकार देण्यास तमिळनाडू, ओडिशा, पश्चिम बंगाल, बिहार आणि गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला आणि योजना बारगळली. केंद्रात एक आघाडी असो वा दुसरी, विरोधी पक्षांची राज्ये घटनेचा आधार घेतात आणि तेच पक्ष केंद्रात आल्यावर भूमिका बदलतात, असा अनुभव आहे. संमती देणे वा काढून घेणे हे पक्षीय निष्ठेनुसार ठरू लागले, तर संघराज्याची ढाल राजकारणाचे हत्यार बनते.

२०२० : दोन राज्यांच्या सीमेवर

जुलै २०२० मध्ये मानेसर पुन्हा चर्चेत आले. राजस्थानातील काँग्रेसचे नेते सचिन पायलट यांच्यासह १९ आमदारांनी मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांच्याविरुद्ध बंड पुकारले. त्यांतील अनेकांचा मुक्काम मानेसर परिसरातील हॉटेलांमध्ये होता. आमदारांच्या घोडेबाजाराच्या आरोपाचा तपास करणारे राजस्थान पोलिसांचे विशेष पथक १७ जुलै रोजी तेथे पोहोचले. हरियाणा पोलिसांनी या पथकाला काही काळ प्रवेशद्वारावरच रोखून धरले. राजस्थानात काँग्रेसचे, तर हरियाणात भारतीय जनता पक्षाचे सरकार होते.

पोलीस हा राज्याचा विषय असला, तरी गुन्ह्याचा पाठलाग राज्याच्या सीमेवर थांबत नाही. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८ नुसार पोलीस अधिकाऱ्याला अटकेसाठी देशात कोठेही पाठलाग करता येत असे. अनुच्छेद २६१ नुसार प्रत्येक राज्याच्या शासकीय कृती आणि न्यायालयीन कार्यवाही यांना देशभर मान्यता दिली जाते. एका राज्याच्या पोलिसांनी दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना सहकार्य करावे, ही केवळ सौजन्याची बाब नाही. अशा सहकार्यावाचून अठ्ठावीस राज्यांचा एक देश चालू शकत नाही.

त्याच पेचप्रसंगात दुसरा प्रश्न जयपूरला उभा राहिला. विधानसभेचे अधिवेशन बोलावण्याचा मंत्रिमंडळाचा प्रस्ताव राज्यपाल कलराज मिश्र यांनी खुलासे मागवत परत पाठवला. अखेर २९ जुलै रोजी मंजुरी मिळाली, १४ ऑगस्टला अधिवेशन भरले आणि सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला. राज्यपालांनी अधिवेशन बोलावताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागावे, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील नबाम रेबिया प्रकरणात जुलै २०१६ मध्येच स्पष्ट केले होते.

मराठी वाचकांना यानंतर २०२२ मधील सुरत आणि गुवाहाटीची आठवण होणे स्वाभाविक आहे. शिवसेनेच्या आमदारांचा मुक्काम तेव्हा अन्य पक्षांच्या सरकारांच्या राज्यांत होता. ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठाने, तत्कालीन राज्यपालांनी बहुमत चाचणी घेण्यास दिलेला आदेश समर्थनीय नव्हता, असा निर्वाळा दिला. मात्र उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पूर्ववत करता येणार नाही, असेही नमूद केले. हा निर्वाळा सरकार बदलल्यानंतर जवळपास अकरा महिन्यांनी आला. पंच निःपक्ष असला तरी शिटी उशिरा वाजली, तर खेळाचा निकाल आधीच लागलेला असतो.

२०२३ : राज्य आणि नागरिक

मानेसरच्या कारखान्यांत देशाच्या अनेक राज्यांतून आलेले कामगार काम करतात. २०२० मध्ये हरियाणा विधानसभेने स्थानिक उमेदवारांच्या रोजगाराचा कायदा केला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच्या नोकऱ्यांत ७५ टक्के जागा राज्यातील रहिवाशांना द्याव्यात, अशी त्यात तरतूद होती. ही मर्यादा कायद्यात ५० हजार रुपये होती. नंतर ती ३० हजार करण्यात आली. कायदा १५ जानेवारी २०२२ रोजी लागू झाला. फरिदाबाद आणि गुरुग्राम परिसरातील उद्योजकांच्या संघटनांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले.

१७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. सरकारी नोकरीतही रहिवासाच्या आधारे अट घालण्याचा अधिकार अनुच्छेद १६ नुसार केवळ संसदेला आहे. मग राज्याला खासगी मालकावर अशी सक्ती करता येईल काय, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी होता. देशात कोठेही जाण्याचे, राहण्याचे आणि व्यवसाय करण्याचे अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यही त्याच्याशी जोडलेले होते. हरियाणा सरकारने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील दाखल केले. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये आणि झारखंडने २०२१ मध्ये असेच कायदे केले होते. कर्नाटकाने जुलै २०२४ मध्ये असे विधेयक पुढे आणले आणि टीकेनंतर ते स्थगित ठेवले.

भूमिपुत्रांना प्राधान्य ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. १९६० च्या दशकापासून येथील राजकारणाचा तो एक प्रमुख सूर आहे. ज्या गावांच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या, तेथील तरुणांना काम न मिळणे ही खरी व्यथा आहे आणि तिची दखल घेणे हे राज्य सरकारचे कर्तव्य आहे. कौशल्य शिक्षण, उद्योगांना द्यावयाच्या सवलतींच्या अटी, भूसंपादनाचा रास्त मोबदला असे अनेक मार्ग राज्याच्या हाती आहेत. परंतु एकेरी नागरिकत्व हे संघराज्याचे तत्त्व असल्यामुळे एका राज्याची सीमा दुसऱ्या राज्यातील नागरिकासाठी भिंत होऊ शकत नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद वा दिल्ली परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना हे तत्त्व सांगण्याची गरज नाही. ते त्याच आधारावर तेथे राहत आहेत.

पैशाची वाटणी

मानेसरमध्ये तयार झालेली मोटार नागपुरात विकली गेली, तर राज्याच्या वाट्याचा कर कोणाला मिळतो? १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या रचनेनुसार तो वापर होणाऱ्या राज्याला, म्हणजे महाराष्ट्राला मिळतो. हरियाणा, महाराष्ट्र, तमिळनाडू यांसारख्या उत्पादक राज्यांना त्यामुळेच महसूल घटण्याची भीती होती. त्यावर पाच वर्षे भरपाईचा तोडगा काढण्यात आला. २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरण्यात आली. भरपाईची ही मुदत ३० जून २०२२ रोजी संपली.

या करासाठी १०१ वी घटनादुरुस्ती करावी लागली आणि तिला निम्म्याहून अधिक राज्यांनी संमती दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने ती ऑगस्ट २०१६ मध्ये दिली. वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयासाठी तीन चतुर्थांश मते आवश्यक आहेत. म्हणजे केंद्राला एकट्याने ठराव मंजूर करता येत नाही, मात्र तो अडवता येतो. परिषदेच्या शिफारशी संसद आणि विधिमंडळांवर बंधनकारक नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. राज्यांनी आपला कर आकारण्याचा अधिकार स्वेच्छेने एकत्रित केला. तो सोडून दिला नाही, असा त्याचा अर्थ आहे.

संवादाची जागा

या सर्व प्रसंगांतून एक बाब ठळक होते. घटनेने अधिकारांच्या रेषा बऱ्याच स्पष्टपणे आखल्या आहेत. वाद होतात ते बहुधा रेषेजवळ उभ्या असलेल्या दोन सरकारांनी परस्परांशी बोलणे थांबवल्यावर. अनुच्छेद २६३ नुसार १९९० मध्ये स्थापन झालेली आंतरराज्य परिषद ही त्यासाठीचीच जागा होती. सरकारिया आयोगाने तिचा आग्रह धरला होता आणि पुढे पुंछी आयोगानेही २०१० च्या अहवालात तिच्या बळकटीवर भर दिला. मात्र परिषदेची दहावी बैठक डिसेंबर २००६ मध्ये आणि अकरावी जुलै २०१६ मध्ये झाली. या दहा वर्षांत मुंबईवरील हल्ला, एनआयएची स्थापना आणि दहशतवादविरोधी केंद्राचा वाद, हे सर्व घडून गेले होते.

संघराज्यात अधिकार वाटलेले असतात ते कोणाही एका सरकारच्या हाती सर्व सत्ता एकवटू नये म्हणून. संकटाच्या वेळी नागरिकाने दोन दारे ठोठवावीत म्हणून नव्हे. मुंबईतील ताज किंवा नरिमन हाऊसमध्ये अडकलेल्या माणसाला आपल्या मदतीला येणारा जवान कोणत्या सूचीतील आहे, याच्याशी कर्तव्य नव्हते. तो वेळेवर यावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. ती पूर्ण करण्याचे कर्तव्य राज्यघटनेने केंद्र आणि राज्य या दोघांवरही सोपवले आहे.